सोनेरी रेघ

वडिलांची सायकल मी रंगवून घरी आणली तेव्हा अंगणात सगळी गल्ली जमली. काळाभोर रंग, झगमगणारे हँडल, कोरे टायर. शेजारच्या पोरांनी घंटी वाजवून पाहिली. वडील सायकलीभोवती एकदा फिरले, मागच्या मडगार्डपाशी वाकले, अंगठ्याने कड चाचपली आणि म्हणाले, "रेघ गेली का रे?"

त्या मडगार्डच्या दोन्ही कडांना धरून एक सोनेरी रेघ होती. सुईएवढी बारीक. त्या काळी इंग्लंडमधल्या कारखान्यांत अशी रेघ कारागीर कुंचल्याने, हाताने ओढत. वडील जिल्हा लोकल बोर्डात ओव्हरसियर होते. रस्त्यांच्या कामांवर याच सायकलीने जात. दर रविवारी ते ती पुसत आणि पुसताना फडके रेघेच्या दिशेनेच फिरवत. आडवे फिरवले की रेघ झिजते, असे त्यांचे म्हणणे होते. चाळीस वर्षे त्यांनी सांभाळलेली रेघ मी एका दुपारीत घालवली. रंगवणाऱ्याचा यात काही दोष नाही. "एकदम नवी करून द्या," असे मीच त्याला सांगितले होते, आणि सांगितल्याबरहुकूम त्याने फ्रेम ॲसिडने धुऊन, घासून, पांढरी लख्ख करून मग रंगवली होती.

वडील पुढे काही बोलले नाहीत. मीही त्या दिवशी काही बोललो नाही. पण त्यानंतर हाताखालून गेलेल्या एकाही सायकलीचा मूळ रंग मी काढलेला नाही. हे पुस्तक त्या एका प्रश्नातून निघाले आहे.

जुनी सायकल नवी करणे आणि जुनी सायकल चालती करणे ही दोन निराळी कामे आहेत. बाजारात पहिल्या कामालाच मान आहे, कारण ते लगेच डोळ्यांत भरते. या पुस्तकात दुसरे काम सांगितले आहे. सायकल आतून पूर्ण निरोगी करायची, तिचा प्रत्येक छर्रा, प्रत्येक आटा, प्रत्येक तार तपासायची. आणि बाहेरून मात्र तिच्या अंगावर जे लिहिले गेले आहे त्याला होता होईल तो धक्का लावायचा नाही. झिजलेला कोन बदलता येतो, कारण तो बदलण्यासाठीच बनवलेला असतो. खरवडलेला रंग परत येत नाही.

'जुनी सायकल' म्हणजे नेमकी कुठली, हे आधी सांगायला हवे. सारखी दोन चाके, मध्ये पायडल आणि मागच्या चाकाला चेन, हे आज आपल्याला ओळखीचे असलेले रूप १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यांच्या 'रोव्हर'ने कॉव्हेंट्री शहरात पक्के केले. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि हाडे खिळखिळी करणारे वाहन माणसांच्या रोजच्या उपयोगाचे झाले. मराठी वाचकाला १८८८ हे साल आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लोखंडी नांगर पुढे आला; त्या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात सायकली विकण्यातून आणि दुरुस्त करण्यातून झाली. आपल्याकडच्या यंत्रविद्येच्या इतिहासात सायकलीच्या पान्याला मानाची जागा आहे, ती या अर्थाने.

या पुस्तकाचा विषय मात्र त्यानंतरची सायकल आहे: साधारण १९२० ते १९७० या काळातली, आपल्या आजोबा-वडिलांनी वापरलेली काळी, उंच, २८ इंची चाकांची सायकल. तिला ब्रेकच्या तारा नसतात, लोखंडी सळ्या असतात. ब्रेकचे गुटके रिमच्या बाजूंना लागत नाहीत, आतल्या अंगाला खालून वर ओढले जातात. मागच्या चाकाला ४० तारा आणि पुढच्याला ३२, कारण माणसाचे आणि कॅरिअरवरच्या ओझ्याचे वजन मागे पडते. हँडल उंच, बैठक मागे, पाठ ताठ. वजन वीस किलोच्या आसपास. आज ती जड वाटते. पण खडीच्या आणि मातीच्या रस्त्यावर दोन माणसे आणि ज्वारीचे अर्धे पोते घेऊन जाण्यासाठी ती तशी केलेली होती, आणि ते काम तिने केले.

स्वातंत्र्याच्या आधी अशा सायकली बव्हंशी इंग्लंडहून येत. रॅले नॉटिंगहॅमची, बीएसए बर्मिंगहॅमची. हळूहळू इथे कारखाने उभे राहिले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, नंतर सोनीपतची ॲटलस आणि लुधियानाची हिरो. एकच घडण, थोड्या थोड्या फरकाने, पन्नास-साठ वर्षे चालू राहिली. म्हणूनच ती आज दुरुस्त करता येते. २८ बाय दीडचा टायर आपल्याकडे तालुक्याच्या गावात अजून मिळतो, कारण दूधवाले आणि शेतकरी ती सायकल अजून चालवतात. युरोप-अमेरिकेतले हौशी लोक याच मापाच्या टायरसाठी भारतीय मालाकडे पाहतात. जुन्या सायकलीवर काम करायला आपल्याइतका सुदैवी देश क्वचितच असेल, आणि हे आपल्या ध्यानातही नसते.

सायकल कोणाची हे ओळखायला पुढच्या नळीवरचा बिल्ला पुरत नाही; बिल्ले बदललेले असतात. चेनव्हील पाहावे. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळा असतो, हंबरच्या चेनव्हीलमध्ये माणसांच्या आकृत्या, रजच्या चेनव्हीलमध्ये हाताचा पंजा आणि बीएसएच्या चेनव्हीलमध्ये कंपनीच्या नावाची इंग्रजी अक्षरे; एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे तिचे बोधचिन्ह, कारण ती कंपनी मुळात शस्त्रे बनवणाऱ्यांची. ही नक्षी पोलादात कापलेली आहे. जी गोष्ट रोज चिखलात जाणार तिच्यावरही एवढी मेहनत घ्यावी असे त्या लोकांना वाटत होते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आता कामाविषयी. आपल्याकडे यालाच 'ओव्हरऑइल करणे' म्हणत. मूळ इंग्रजी शब्द निराळा होता, पण आपल्या मिस्त्रींनी त्यात तेल घातले आणि शब्द कामाला जास्त शोभून दिसू लागला. पहिला नियम: सायकल हातात आली की धुवायची नाही. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे, मग प्रत्येक नटबोल्टावर गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचा थेंब सोडायचा आणि आठ दिवस तिच्याकडे पाहायचे नाही. या आठ दिवसांत जे काम होते ते कुठल्याही पान्याने होत नाही.

जुन्या सायकली सर्वांत जास्त मोडतात त्या कॉटर काढताना. क्रँक आसावर घट्ट बसवणारी ही पाचरीसारखी पिन. तीस वर्षे गंजलेली. हातोडा मारला की तिचे डोके चेपते, आटे बसतात, आणि ती कायमची अडकते. मला हे काम मिरजेतल्या एका मिस्त्रींनी शिकवले. त्यांनी क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा केला, असा की क्रँकचा भार थेट जमिनीवर जावा आणि पिन नळीच्या पोकळीत उतरावी. नट काढला नाही. पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल केला, म्हणजे आटे झाकलेले राहिले. मग हातोडा उचलून मला म्हणाले, "एकच घाव घालायचा. दुसऱ्या घावाची पाळी आली म्हणजे पहिला चुकला समजा." घाव बसला, 'टक्' आवाज आला आणि पिन सुटली. खालचा आधार नसता तर तोच घाव आत छर्र्यांवर आणि वाट्यांवर बसला असता. मी अनेकांना ही गोष्ट सांगितली आहे. तरी दर वर्षी कोणी ना कोणी खालच्या आधाराशिवाय हातोडा चालवतोच. त्यासाठी या पुस्तकात कॉटरला अख्खे प्रकरण दिले आहे.

आट्यांविषयी थोडक्यात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते उलट फिरवून सुटते. क्रँकच्या आसाची उजवी वाटीही उलट्या आट्यांची. बहुतेक इंग्रजी सायकलींच्या वाट्यांना इंचाला २४ आटे, पण रॅलेला २६. व्यास एकच असल्याने बाजारातली वाटी रॅलेच्या फ्रेममध्ये सुरुवातीला जाते, मग अडते. तिथे जोर लावला की फ्रेम कामातून जाते. वाटी अडली की थांबायचे. एका बाजूला पाव इंची अकरा छर्रे, दुसऱ्या बाजूला अकरा, मोजून घालायचे.

मला स्वतःला सर्वांत जास्त आनंद देणारा भाग मागच्या हबचा. आमच्या सायकलीला स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा 'एडब्ल्यू' हब आहे. हा हब १९३६ मध्ये बाजारात आला आणि जवळपास तसाच कित्येक दशके बनत राहिला. त्याच्या कवचावर बनवल्याचे साल आणि महिना ठोकलेला असतो. आमच्या हबवर '५४' आणि '७' आहे: जुलै १९५४. सायकलीचे वय सांगणारा इतका सरळ पुरावा दुसरा नाही, अर्थात चाक मागाहून बदललेले नसेल तर.

हा हब बाहेरून गुळगुळीत डबीसारखा दिसतो. आत एक छोटी सूर्यमाला आहे, आणि तिच्या भागांची नावेही तशीच आहेत. मधोमध आसावरच घडवलेले २० दात्यांचे चक्र, तो सूर्य. तो फिरत नाही. त्याच्याभोवती २० दात्यांचीच चार छोटी चक्रे, ते ग्रह. या सगळ्यांना वेढणारे, आतून ६० दात्यांचे कडे. चेनची ताकद ग्रहांच्या पिंजऱ्याला देऊन कड्यातून चाकाकडे घेतली, तर चेनच्या चक्राच्या एका फेऱ्यात चाक एक पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. कड्याला देऊन पिंजऱ्यातून घेतली, तर पाऊण फेरा. मधल्या गिअरात चाक आणि चेनचे चक्र बरोबरीने फिरतात. हे सगळे बदल एक बारीक साखळी करते. ती आसाच्या पोकळीतून आत जाते आणि आतला खटका मागेपुढे सरकवते.

पहिल्यांदा हा हब उघडला तेव्हा मी जमिनीवर पांढरी चादर अंथरली होती. आतून काळे, डांबरासारखे घट्ट ग्रीस निघाले. कोणीतरी चांगल्या मनानेच भरले असणार, पण या हबचे सर्वांत मोठे दुखणे ग्रीस हेच आहे. आतल्या खटक्यांच्या, म्हणजे मिस्त्री ज्यांना 'कुत्री' म्हणतात त्यांच्या, स्प्रिंगा केसासारख्या बारीक असतात. ग्रीस सुकले की कुत्री उठत नाहीत आणि पायडल मोकळे फिरते. हबच्या कवचावर तेलासाठी छोटे झाकण दिलेले असते. त्यातून पातळ मशीन ऑइलचे थोडेसे थेंब महिन्यातून एकदा सोडावेत, एवढीच त्याची मागणी. मी एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला, पुसला, चादरीवर क्रमाने मांडला. एकही दाता झिजलेला नव्हता. जोडताना दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमले. चाक फिरवले आणि हबमधून तो बारीक 'टिक्‌टिक्' आवाज आला. हलक्या गिअरात तो थांबतो, मधल्या आणि जड गिअरात पायडल मारताना चालू राहतो. कोणता गिअर लागला आहे हे कानाने कळते. शेजारच्या खोलीतून वडिलांनी हाक मारली, "मधल्यावर आहे ना?" ते बिछान्यावर पडून होते. त्यांनी सायकल पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती.

गंजाविषयी बरेच गैरसमज आहेत. ज्या रंगावर गंजाची तांबूस झाक आली आहे तो रंग गेला असे लोक समजतात आणि खरवडायला घेतात. पुष्कळदा रंग खाली शाबूत असतो. ऑक्झॅलिक आम्लाचे अगदी सौम्य द्रावण, लिटरभर पाण्यात चहाचा चमचा-दीड चमचा, गंज विरघळवते आणि एनॅमलला फारसा धक्का लावत नाही. ते विषारी आहे. हातमोजे हवेत, पूड नाकात जाऊ देऊ नये, लहान मुले आसपास नसावीत, आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने भाग धुऊन लगेच कोरडा करावा. आधी न दिसणाऱ्या जागी करून पाहावे. क्रोमवरच्या गंजाला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला तरी पुरते. वायरचा ब्रश नको. चामड्याच्या सीटला तेलात बुडवायचे नाही. चामडे सैल पडते आणि मग खाली बसते. सुकलेल्या सीटवर लगेच बसायचेही नाही. पुढच्या टोकाखालचा नट दर वेळी पाव फेराच आवळायचा.

आणि आता पुन्हा रंगाकडे, कारण हे पुस्तक तिथेच वळून येते.

माझ्याकडे एक सायकल आहे, तिच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात ढोबळ हाताने '१७' लिहिले आहे. ती भाड्याच्या दुकानातली. तासावर घेतलेली सायकल परत देताना ओळख पटावी म्हणून दुकानदार असे आकडे टाकत. या सतरा नंबरवर किती पोरे दांड्याखालून पाय घालून अर्धी पायडल मारत शिकली असतील, किती जणांचे गुडघे फुटले असतील. दुसऱ्या एका सायकलीच्या हँडलखाली नगरपालिकेच्या सायकल-कराचा पत्र्याचा बिल्ला आहे, कडा दुमडलेल्या. गोव्यात पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीला मागे मोठ्या टोपलीसाठी जादा लोखंड जोडलेले असते आणि हँडलला रबरी भोंगा. 'मूळ स्वरूपात आणायची' म्हणून हौशी माणूस हा आकडा पुसतो, बिल्ला काढतो, लोखंड कापून टाकतो. कारखान्यातून निघालेली सायकल मग परत मिळते. जिने पन्नास वर्षे माणसांची कामे केली ती सायकल नाहीशी होते. माझ्या मते तो तोट्याचा सौदा आहे, आणि मी तो कोणालाही करू देत नाही.

मूळ रंग कसा दिसायचा हे ज्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे त्यांनी पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात जाऊन यावे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीसैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकलही तिथे आहे. सायकली जमवणाऱ्या माणसाच्या वैयक्तिक ध्यासातून केवढे काम उभे राहते याचे हे उदाहरण. पण संग्रहालय एका शहरात असते आणि सायकली गावोगाव माळ्यांवर आहेत. त्या वाचवायच्या तर ते काम घराघरांतून व्हायला हवे, आणि त्यासाठीच मराठीत असे पुस्तक हवे होते.

मिस्त्रींविषयी एक गोष्ट आवर्जून. या पुस्तकात जे आहे त्यातले निम्मे मला कुठल्याही पुस्तकात मिळाले नाही. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना तारेवर नख मारून तिच्या आवाजावरून ताण ओळखणे, ब्रेकच्या सळीचा खडखडाट बंद करायला सायकलच्या ट्यूबची चकती घालणे, ही विद्या रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांची मुले मोटारसायकलींच्या कामाकडे गेली आहेत, ते रास्तच आहे. आपल्या गावातल्या मिस्त्रींकडे एक दुपार बसा. काम पाहा, विचारा, लिहून घ्या, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

आमच्या सायकलीवर ती रेघ पुन्हा ओढून घ्यावी, असे मला बरेच जण सुचवतात. पाट्या रंगवणारा चांगला कारागीर ती हुबेहूब ओढून देईल, यात शंका नाही. मी ओढून घेतलेली नाही. सायकलीच्या सीटखाली एक चिठ्ठी बांधून ठेवली आहे: हब १९५४ चा, फ्रेम मूळची, रंग नंतरचा, रेघा गेल्या. प्रत्येक सायकलीबरोबर अशी चिठ्ठी असावी, काय मूळचे, काय बदललेले, कोणी आणि केव्हा. त्या चिठ्ठीचा नमुना पुस्तकाच्या शेवटी दिला आहे. तो कापून वापरा.

तुमच्या घरी माळ्यावर किंवा गोठ्यात अशी सायकल उभी असेल, तर एक विनंती आहे. भंगारवाल्याला बोलावण्याआधी आणि रंगवणाऱ्याकडे नेण्याआधी, जरासे ओले मऊ फडके घ्या आणि मागच्या मडगार्डची कड पुसून पाहा. फडके कडेच्या दिशेनेच फिरवा.